कूलरचे बटण काढून तिथे सॉकेट

देगलूर, बिलोली, मुखेड या पट्ट्यातल्या जुन्या घरांत खिडकीशेजारी एक एकटेच बटण दिसते. त्या बटणावर चालणारी वायर गजांमधून बाहेर जाते आणि स्टँडवरच्या पत्र्याच्या कूलरला थेट जोडलेली असते. मध्ये पिन नाही, सॉकेट नाही. होळीनंतर कूलर बसवताना वायरी पिळून वर टेप मारली जाते. मृग लागला की त्याच वायरी कापून कूलर माळ्यावर जातो आणि टेप गुंडाळलेली टोके पावसाळाभर खिडकीत लोंबत राहतात. हे बटण काढून तिथे सॉकेट बसवणे शहाणपणाचेच आहे. मात्र ते बटणाच्या जागी बटण बसवण्याइतके सरळ काम नाही.

सॉकेट कशासाठी, हे आधी पाहावे. साधे बटण फक्त फेजची वाट तोडते. पूर्वी कुणी फेज आणि न्यूट्रल उलटे जोडले असतील, तर ते न्यूट्रल तोडते. पंखा थांबतो, पंप थांबतो, पण मोटारीच्या गुंडाळीपर्यंत २३० व्होल्ट पोचलेलेच राहतात. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी आणि नळी धरून उभा असलेला अनवाणी माणूस: दर उन्हाळ्यात मराठवाडा-विदर्भातून येणाऱ्या कूलरच्या शॉकच्या बातम्यांत बहुधा हेच सगळे एकत्र आलेले असते. पिन उपसली की फेज आणि न्यूट्रल दोन्ही सुटतात, आणि ते सुटलेले डोळ्यांना दिसते. पाणी भरण्यापूर्वी एवढी खात्री बटण कधीच देऊ शकत नाही.

खरी अडचण बटणाच्या मागे आहे. बटणाला दोनच वायरी लागतात: एकीतून फेज येतो, दुसरीतून तो पुढे जातो. सॉकेटला फेज, न्यूट्रल आणि अर्थ अशा तीन लागतात. डबी उघडल्यावर आत न्यूट्रलचा जोड सापडला तर नशीब. पुष्कळ घरांत तो तिथे नसतोच, दुसऱ्या बोर्डावरून किंवा आढ्यालगतच्या जोडातून परस्पर खिडकीबाहेर गेलेला असतो. गिझरसाठी किंवा एसीसाठी बसवलेल्या डीपी स्विचची गोष्ट वेगळी. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो, म्हणून दोन्ही वायरी त्याच्या डबीत हजर असतात. अर्थ मात्र तिथेही शोधावा लागतो.

न्यूट्रल नसला की एक घातक पळवाट सुचते, ती म्हणजे अर्थचीच वायर न्यूट्रल म्हणून वापरणे. गावाकडे न्यूट्रल तुटला की जमिनीत सळई ठोकून ‘अर्थिंगवर’ दिवा लावणारे बरेच आहेत. दिवा लागतो, म्हणून जोडणी बरोबर वाटते. पण त्या क्षणापासून अर्थच्या वायरीतून चालू प्रवाह वाहू लागतो. ती पुढे कुठे तुटली, की घरातल्या अर्थ केलेल्या प्रत्येक वस्तूच्या धातूवर वीज उतरते, मग तो फ्रिज असो की पाण्याची मोटार. न्यूट्रल नसेल तर तो त्याच सर्किटमधून नव्याने ओढून आणणे हाच मार्ग. माळवदाच्या मातीच्या भिंतीत पाइप पुरण्याचा खटाटोप करू नये. केसिंग-कॅपिंगची पट्टी दिसायला ओबडधोबड असली तरी काम चोख करते. वायर ओढतानाच जुनी वायर ॲल्युमिनियमची तर नाही ना, हेही पाहून घ्यावे. काही दशकांपूर्वीच्या वायरिंगमध्ये ती सर्रास असे. ॲल्युमिनियम आणि तांबे नुसते एकत्र पिळले की तो जोड काळा पडतो आणि तापतो.

आता वायरीच्या जाडीचा हिशेब. घरगुती कूलर साधारण दीडशे-दोनशे वॉटचा, म्हणजे जेमतेम एक अँपिअरचा. त्याला ६ अँपिअरचे सॉकेट भरपूर झाले. पण बटणावर एकच ठरलेले यंत्र चालते, सॉकेटमध्ये कुणी काहीही खुपसते. हिवाळ्यात त्याच खिडकीपाशी बादलीत १५०० वॉटचा रॉड लागला, की साडेसहा अँपिअर ओढले जातात. ३००० वॉटचा गिझर १३ अँपिअर घेतो. दुकानात मिळणारे ६ आणि १६ अँपिअरच्या दोन्ही पिना घेणारे सॉकेट मागच्या एक चौरस मिलिमीटरच्या वायरीवर बसवणे ही निव्वळ फसवणूक आहे. वायर तीच राहणार असेल तर मुद्दाम ६ अँपिअरचेच सॉकेट घ्यावे आणि एमसीबीही ६ ची ठेवावी. मोठी पिन त्यात जातच नाही, आणि ते बरेच आहे. १६ अँपिअरचे हवे असेल तर मेन बोर्डापासून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची स्वतंत्र लाईन टाकावी. दीड टनाच्या एसीला चार चौरस मिलिमीटरची घालतात.

भारतातली ही गोल पिनांची पद्धत १९३४ च्या ब्रिटिश मानक ५४६ वरून आली. खुद्द ब्रिटनने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचे नवे मानक काढले, पण आपल्याकडे गोल पिना राहिल्या आणि आयएस १२९३ मध्ये स्थिरावल्या. त्यातली वरची पिन जाड आणि लांब असते. ती आत जाताना सर्वांत आधी टेकते आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटते, त्यामुळे फेज जोडलेला असेपर्यंत अर्थ सुटत नाही. ही पिन सॉकेटमध्ये जात नाही म्हणून कापून टाकणाऱ्याने सॉकेट बसवण्याचा निम्मा उद्देशच कापलेला असतो.

अर्थचा प्रश्न या भागात जास्त बिकट आहे. काळी माती ओली असताना वीज चांगली घेते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, ती अर्थच्या पाइपापासून सुटते आणि रोध चढतो. देगलूर-बिलोलीकडे काही ठिकाणी थोड्या मातीखाली ग्रॅनाइट लागतो, तिथे पाइप पुरेसा खोल जात नाही. म्हणजे कूलर दिवसरात्र चालतो त्याच महिन्यांत अर्थ सर्वांत कमजोर असतो. अर्थचा रोध २० ओहम असला, तर फेज बॉडीला टेकल्यावर जमिनीत फार तर साडेअकरा अँपिअर जातात. १६ ची एमसीबी तेवढ्याने पडत नाही. ६ ची पडेल, पण लगेच नाही, आणि तोवर बॉडी जिवंत राहते. म्हणून अर्थच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावेच, पण त्यावर विसंबू नये. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी गेलेला आणि परतलेला प्रवाह ताडून पाहते आणि एवढ्याशा फरकानेही निमिषात लाईन तोडते. कूलरच्या घराने नक्षीदार प्लेटऐवजी हिच्यावर पैसे खर्चावेत.

कायद्याची बाजूही येथे येते. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत आणि पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या विनियमांत दिवे, पंखे, फ्यूज, बटणे यांची साधी अदलाबदल सोडून बाकीची वायरिंगची कामे परवानाधारक कंत्राटदाराकडून करून घ्यावीत असे सांगितले आहे. अट अशी, की अदलाबदलीने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. बटणाऐवजी सॉकेट आले आणि नवी लाईन पडली की स्वरूप बदलतेच. तेव्हा हे काम परवाना असलेल्या वायरमनकडे द्यावे आणि घरातल्याने त्यावर नजर ठेवावी. सामान आयएसआय खुणेचेच असावे. वायरी, बटणे, सॉकेट यांना ती खूण सक्तीची आहे.

काम सुरू करताना मेन बंद केल्याने भागत नाही. लोडशेडिंगच्या काळात बसवलेली इन्व्हर्टरची लाईन मेन बंद होताच आपणहून चालू होते, आणि त्याच बोर्डात तिचा फेज असू शकतो. म्हणून इन्व्हर्टरही बंद करावा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून ठीक असल्याची खात्री करावी आणि मग डबीतली प्रत्येक वायर तपासावी. मॉड्युलर पद्धतीत सॉकेटला दोन आणि बटणाला एक अशा तीन मॉड्यूलची जागा लागते, त्यामुळे जुनी डबी बहुधा बदलावीच लागते. फेज बटणातून सॉकेटच्या ‘एल’ खुणेकडे न्यावा. समोरून पाहता ते छिद्र उजवीकडे असते. न्यूट्रल डावीकडे, आणि हिरवी वायर वरच्या मोठ्या छिद्राला. वायरीच्या तारा कातरून बारीक करू नयेत. सगळ्या तारा पिळून स्क्रूखाली घ्याव्यात आणि ओढून पाहाव्यात, कारण सैल स्क्रू हेच जळक्या सॉकेटचे नेहमीचे कारण असते. न्यूट्रल इन्व्हर्टरच्या लाईनचा घेतला तर आरसीसीबी वरचेवर पडेल. अशा वेळी ती काढून टाकण्याऐवजी न्यूट्रलची चूक शोधावी.

सॉकेट खिडकीच्या आतल्या बाजूला, पाण्याचे शिंतोडे येणार नाहीत असे बसवावे. कूलरची वायर तीन तारांची हवी. तिची हिरवी तार बॉडीला लावताना तेवढ्या जागेचा रंग खरवडावा, कारण रंगावर आवळलेला स्क्रू काही कामाचा नाही. वायर सॉकेटच्या खाली झोळ पडेल अशी सोडावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळातूनच ठिबकते.

शेवटी तपासणी. फेज आणि न्यूट्रलमध्ये टेस्ट लॅम्प पूर्ण उजेडाने लागला पाहिजे. तोच दिवा फेज आणि अर्थमध्ये लावला की आरसीसीबी तत्काळ पडली पाहिजे. आरसीसीबी नसलेल्या घरात तो दिवा झगझगीत पेटतो आणि सगळे समाधानाने घरी जातात. पण त्यावरून अर्थची वायर कुठे तुटलेली नाही एवढेच कळते. ६० वॉटच्या दिव्याला पाव अँपिअर लागतो, तेवढा प्रवाह वाईट अर्थही सहज घेतो. खरा रोध अर्थ टेस्टरनेच मोजावा लागतो, आणि तो मे महिन्यात मोजावा, पाऊस पडल्यावर नव्हे.