राज्यशास्त्र? ते कशाला बाई!

मुलगी बी. ए.ला राज्यशास्त्र घेते म्हणाली, की घरोघरी पहिला प्रश्न ठरलेला : 'त्याचा उपयोग काय?' मीही तोच विचारला होता. मग एका दुपारी तिचं पुस्तक सहज चाळायला घेतलं आणि गॅसवरची भाजी करपली!

मैत्रिणींनो, त्यात नुसते प्लेटो-ॲरिस्टॉटल नाहीत, आपल्या मोरीतला नळही आहे. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं संविधानाला बारावी अनुसूची जोडली. नगरपालिकेकडे सोपवायची १८ कामं तीत आहेत : पाणी, कचरा, रस्ते, अगदी स्मशानसुद्धा. त्याच दुरुस्तीनं पालिकेत बायकांना किमान एकतृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. पण खुर्ची बाईंची आणि कारभार 'ह्यांचा', हेही आपण पाहतोच ना? उद्या आपलाच वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला तर?

शिक्षण अर्धवट राहिलं असेल, तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून घर सांभाळून बी. ए. करता येतं. मात्र गाईड पाठ करू नका, बाई. पालिकेची बातमी पेपरातून कापा, वहीत चिकटवा, शेजारी त्या विषयाचा धडा लिहा. मुलीबरोबर मीही तेच करते.

परवा चार दिवसांनी पाणी आलं. हे नेहमीप्रमाणे सरकारवर चिडले. मी पोळी लाटता लाटता म्हटलं, "अहो, कुठल्या सरकारवर? दिल्लीच्या, मुंबईच्या, की पालिकेच्या?"

ह्यांनी पेपर खाली ठेवला.