त्वचेतील अमायलॉइड : घासणीमुळे आणि रक्तामुळे

वर्सोव्यापासून मुलुंडपर्यंत मुंबईच्या उपनगरांतील त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठीवरचे, दंडांवरचे किंवा नडगीवरचे काळपट तपकिरी डाग दाखवायला जे रुग्ण येतात, त्यांत मध्यमवयीन स्त्रिया बऱ्याच असतात. हे डाग जवळून पाहिले तर ओहोटीनंतर वाळूवर उमटतात तशा बारीक लहरी त्यांत दिसतात. अंघोळीच्या वेळी नायलॉनच्या घासणीने वर्षानुवर्षे अंग खसाखसा चोळण्याची सवय हे या डागांचे एक ओळखीचे कारण आहे. घर्षणाने त्वचेच्या वरच्या थरातील पेशी मरतात, त्यांतील केराटिन हे प्रथिन खालच्या थरात उतरते आणि तेथे अमायलॉइडच्या रूपात साचते. अमायलॉइड म्हणजे चुकीची घडी पडल्यामुळे न विरघळणारे आणि शरीराला सहजी निकालात काढता न येणारे प्रथिनांचे तंतू. हा प्रकार त्वचेपुरता राहतो. त्याचा रक्ताशी संबंध नसतो आणि त्यासाठी रक्ताच्या महागड्या तपासण्यांचा सपाटा लावणे अनाठायी होय.

दुसरा प्रकार दुर्मीळ आहे, पण तो चुकवून चालत नाही. अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडे तयार करतात. त्यांचा एखादा गट बेसुमार वाढला, की प्रतिपिंडाचा ‘लाइट चेन’ नावाचा लहान घटक रक्तात अतोनात मिसळतो आणि हृदय, मूत्रपिंड, मज्जातंतू व त्वचा यांत तंतूंच्या रूपाने साचतो. मल्टिपल मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगातही हे घडू शकते, पण पुष्कळ रुग्णांत कर्करोग म्हणावा इतकी पेशींची वाढ नसते, आणि रोग हुलकावणी देतो तो येथेच. केशवाहिन्यांच्या भिंतींत साठा झाल्याने त्या ठिसूळ होतात. मग जोराचा खोकला, उलटी किंवा नुसते वाकणेही पापण्यांवर जांभळे डाग उमटवायला पुरते. जीभ जाड होऊन तिच्या कडांवर दातांचे ठसे उठणे, पापण्यांवर मेणासारख्या पुटकुळ्या येणे, मनगटात नस दबून बोटांना मुंग्या येणे ही चिन्हे त्यासोबत दिसली, तर डोळ्यांभोवतीचे काळेनिळे डाग मलम लावून सोडून देण्याजोगे राहत नाहीत.

निदानासाठी त्वचेचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढतात. काँगो रेड या रंगाने अमायलॉइड विटकरी लाल होते आणि ध्रुवित प्रकाशात हिरवे चमकते. मूळचा हा सुती कापड रंगवण्याचा रंग. मात्र केराटिनच्या डागांत साठा इतका थोडा असतो की रंग फिका येऊन तपासणी फसू शकते, आणि रंग चढला तरी प्रथिन कोणते हे त्यातून कळत नाही. येथेच खरी मेख आहे. वयस्कर माणसांच्या रक्तात निरुपद्रवी असामान्य प्रतिपिंड सापडणे नवलाचे नाही. त्याच माणसाच्या हृदयात यकृतात बनणाऱ्या ट्रान्सथायरेटिन या निराळ्याच प्रथिनाचे अमायलॉइड असू शकते. केवळ रक्ताच्या अहवालावर विसंबून अशा रुग्णाला लाइट चेनच्या रोगावरची केमोथेरपी दिली, तर तिचा त्रास तेवढा पदरी पडतो. म्हणून साठ्याचा सूक्ष्म भाग लेसरने वेगळा करून मास स्पेक्ट्रोमेट्रीने त्यातील प्रथिन ओळखणे ही आज सर्वांत भरवशाची पद्धत मानली जाते.

त्वचेत गाठीच्या रूपाने येणारा तिसरा प्रकार या दोहोंच्या सीमेवरचा आहे. त्यातही लाइट चेनच असते, पण ती बनवणाऱ्या पेशी बहुधा त्या गाठीतच असतात. थोड्या रुग्णांत पुढे रोग सर्वांगात पसरतो, त्यामुळे गाठ काढल्यावरही नजर ठेवावी लागते.

दुसऱ्या प्रकारच्या, म्हणजे सर्वांगीण रोगाचा संशय असल्यास रक्तातील मुक्त लाइट चेनचे मोजमाप, रक्त व लघवीतील असामान्य प्रतिपिंड ओळखणारी इम्युनोफिक्सेशन चाचणी आणि अस्थिमज्जेची तपासणी करतात. पोटाच्या त्वचेखालची चरबी सुईने काढून तीत अमायलॉइड शोधणे हा मोठी शस्त्रक्रिया टाळणारा मार्ग १९७३ पासून ज्ञात आहे. हृदयाची तपासणी लगोलग करावी लागते, कारण रुग्ण किती जगेल हे मुख्यतः हृदयावर अवलंबून असते. २०२१ मध्ये अमेरिकेत या रोगासाठी मान्यता मिळालेले डाराटुमुमॅब हे प्लाझ्मा पेशींवर नेम धरणारे इंजेक्शन इतर औषधांसोबत देतात. त्याने नवा साठा होणे आटोक्यात येते, पण आधीचा साठा ओसरायला महिनोन्‌महिने लागतात.