आपल्याकडे थर्मोस्टॅट लागत नाही म्हणे!

‘थर्मोस्टॅट काढून टाकलाय. आपल्याकडे कुठे बर्फ पडतो?’ गाडी गरम होते म्हणून गॅरेजला गेलं, की धायरीत हे वाक्य हमखास कानावर पडतं. मग डिसेंबरात तोच गाडीवाला विचारतो, पहाटे सिंहगडाला निघालं की हीटर नुसता कोमटच का? अहो, काढलात ना थर्मोस्टॅट!

एकदाचं लक्षात घ्या, थर्मोस्टॅट बर्फासाठी नसतो. त्यात मेणाची कुपी असते. साधारण ८२ ते ९० अंशांना मेण फुगतं, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनातच फिरतं. इंजिनाला नव्वदीच्या आसपास काम करायचं असतं. बाहेर एप्रिलचे ४० अंश असोत की थंडीतले १०, इंजिन त्याहून कितीतरी गरम लागतं. झडपच नसेल तर ते नीट तापत नाही. पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, झीज वाढते. नव्या गाड्यांत तर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो. स्कॅनर लावलात तर बहुधा पी०१२८ हा कोड दिसेल. कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘पण काटा खाली आला ना?’ आला, काही दिवसांपुरता. बुजलेला रेडिएटर किंवा बंद पडलेला पंखा तसाच आहे. शिवाय अनेक इंजिनांत हाच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते आणि थोडं पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच गरम परत येतं. मग गाडी सपाटीला शहाण्यासारखी वागते आणि सिंहगडाच्या घाटात उकळते.

विश्वास बसत नसेल तर काढलेला थर्मोस्टॅट घरी आणा. पातेल्यात पाणी घ्या, तो दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस पेटवा. त्याच्या अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. पाणी त्याच्या आसपास पोचलं की झडप हळूहळू उघडताना दिसते. उकळी फुटली तरी ढिम्म राहिला, तर तो खराब. तसाच नवा बसवा.

खरं तर दोष शोधायला हीटरच कामाला येतो, कारण तो इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालतो. काटा वर आणि हीटर गार? कूलंट कमी आहे, हवा अडकली आहे किंवा वॉटर पंप गेला आहे. काटा वर, हीटर कडक, पण रेडिएटरचा पाइप गार? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला. काटा बरोबर, हीटर गार? हीटरची जाळी बुजली किंवा आतला फ्लॅप अडकला. धायरी फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये तापते, बायपास रस्त्याला नाही? आधी पंखा आणि त्याचा रिले बघा. उलट असेल तर रेडिएटरवर संशय घ्या.

बाकीचे गैरसमज थोडक्यात:

‘कूलंट कशाला, पाणी चालतं.’ उष्णता वाहून न्यायला पाणी उलट जास्त चांगलं. पण त्याने गंज धरतो, आणि टँकर-बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साठतात.

‘हीटर लावला की पेट्रोल जास्त जातं.’ ती उष्णता एरवी वायाच जाते. खर्च होते ती फक्त ब्लोअरची वीज.

‘गाडी तापली असताना हीटर कशाला?’ एसी बंद करून हीटर पूर्ण सोडा. थोडी उष्णता बाहेर निघते आणि गाडी कडेला घ्यायला वेळ मिळतो.

‘झाकण उघडून गार पाणी ओता.’ मुळीच नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असू शकतं. झाकण फिरवलं की तोंडावर येतं. इंजिन बंद करा आणि पूर्ण निवू द्या. कूलंट भरताना ते कुठे गेलं हेही शोधा, कारण गळती नसताना ते सारखं कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासायलाच हवं.