ट्रकच्या चेंबरात कोणतं ऑईल?

कळंबोली असो की नागपूरजवळचं वाडी, ट्रकच्या स्पेअर पार्ट्सच्या दुकानात ऑईलचे डबे दर्शनी फळीवर असतात. एकावर १५डब्ल्यू-४० लिहिलेलं, शेजारच्यावर १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४०, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘सिंथेटिक’. दुसऱ्याची किंमत बरीच चढी. एकच गाडी असलेल्या, तिचा हप्ता भरणाऱ्या मालकाला इथेच उभ्या उभ्या ठरवायचं असतं की जादा पैसे मोजून नक्की काय पदरात पडणार.

मिनरल ऑईल कच्च्या तेलापासून शुद्ध केलेलं असतं. त्यात लहानमोठ्या आकाराचे रेणू असतात आणि थोडे मेणासारखे घटकही उरतात. सिंथेटिक दोन तऱ्हांनी बनतं. एका तऱ्हेत हवे तसे रेणू रसायनांपासून जोडून घेतात. दुसरीत खनिज तेलावरच प्रचंड दाबाखाली हायड्रोजनची प्रक्रिया करून त्याची जडणघडण बदलतात. कॅस्ट्रॉलने हे दुसऱ्या प्रकारचं तेल सिंथेटिक म्हणून विकायला काढलं, तेव्हा मोबिलने अमेरिकेत हरकत घेतली. १९९९मध्ये तिथल्या जाहिरातविषयक लवादाने कौल कॅस्ट्रॉलच्या बाजूने दिला. तेव्हापासून डब्यावरच्या ‘सिंथेटिक’ या शब्दाखाली दोन्ही तेलं विकली जातात. म्हणून त्या शब्दावर भिस्त ठेवून खरेदी करू नये.

आधी बघायचा तो डब्यावरचा एपीआयचा, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा, दर्जा. भारतात १ एप्रिल २०२०पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या ट्रकच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. अडकलेली काजळी गाडी चालता चालता जाळून टाकता येते. इंजिनात थोडं थोडं ऑईल नेहमीच जळत असतं, आणि त्यातल्या धातुयुक्त रसायनांची राख मात्र जळत नाही. ती फिल्टरमध्येच साचत जाते. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचं ऑईल लागतं. २०१६च्या अखेरीस आलेल्या सीके-४ या दर्जात राखेची कमाल मर्यादा एक टक्का आहे. जुन्या गाड्यांत चालणाऱ्या सीआय-४ दर्जाच्या ऑईलात ती याहून जास्त असू शकते. बीएस-६ गाडीत सीके-४ दर्जाचं साधं मिनरल ऑईल घातलं तर चालेल, पण जुन्या दर्जाचं महागडं सिंथेटिक घातलं तर डीपीएफ वेळेआधी चोंदेल. मालकांचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं, आणि ते गाडीची पुस्तिका उघडून टाळता येतं.

मग सिंथेटिकचा उपयोग कुठे? पहिला, उष्णतेत. भरलेली गाडी कसारा घाट चढून येते तेव्हा टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेत असतो आणि त्याच्या बेअरिंगला ऑईलचाच आधार असतो. चालकाने वर येताच ढाब्यावर इंजिन बंद केलं की ऑईलचा प्रवाह थांबतो, पण टर्बो तापलेलाच असतो. आत राहिलेलं ऑईल करपून काळा थर धरतं. मिनरल ऑईल असं लवकर करपतं, सिंथेटिक अधिक तग धरतं. तरीही दोन-तीन मिनिटं इंजिन आयडलला ठेवून मग बंद करणं हा उपाय दोन्हींना लागू आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दुसरा उपयोग थंडीत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑईल गारठ्यात सहज वाहतं. हिवाळ्यात द्रास-कारगिलकडे माल नेणाऱ्या गाडीला याचा खरा फायदा आहे, कारण तिथे पारा उणे वीसच्याही खाली जातो. विदर्भातल्या डिसेंबरच्या पहाटेला १५डब्ल्यू-४० पुरून उरतं.

तिसरा मुद्दा हिशेबाचा. समजा, चेंबरात १५ लिटर ऑईल बसतं. मिनरल ३०० रुपये लिटरने घेऊन ते २० हजार किलोमीटरला बदललं, तर खर्च ४,५०० रुपये. सिंथेटिक ६०० रुपयांनी घेतलं आणि कंपनीने ४० हजारांची मुभा दिली असेल, तर ९,००० रुपये. ४० हजारांत मिनरल दोनदा बदलावं लागतं, म्हणजे ऑईलचा खर्च सारखाच झाला, वर एक फिल्टर, एकदाची मजुरी आणि गाडी उभी राहण्याचा एक दिवस वाचला. नागपूर ते चेन्नई अशा लांब पल्ल्याच्या गाडीला तो दिवस मोलाचा आहे. पण सिंथेटिक घालूनही जुन्या सवयीने २० हजारांनाच बदललं, तर दुप्पट पैसे जाऊन हाती फारसं काही येत नाही. आणि पुस्तिकेत मुभा नसताना मनानेच मुदत वाढवली, तर वॉरंटीही हातची जाते.

खडी क्रशरवरच्या टिपरचं गणित वेगळं. दिवसभर धूळ, तासन्‌तास आयडलिंग, जवळच्या फेऱ्या. तिथे ऑईल मळतं ते काजळीने आणि धुळीने, आणि ती घाण सिंथेटिकमध्येही तितकीच साठते. अशा गाडीला योग्य दर्जाचं मिनरल ऑईल घालून, किलोमीटरऐवजी इंजिनच्या तासांवर ते लवकर बदलणं शहाणपणाचं.

गॅरेजात काही समज पक्के रुजलेत. सिंथेटिक आणि मिनरल मिसळलं तर ऑईल फाटतं, हा त्यातला एक. अडचणीच्या वेळी त्याच दर्जाच्या ऑईलचा टॉप-अप केला तर इंजिन बिघडत नाही, फक्त सिंथेटिकचे गुण पातळ होतात. ऑईल काळं पडलं म्हणजे संपलं, हाही असाच समज. डिझेल इंजिनात नवं ऑईल थोड्याच दिवसांत काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. गेज काढून बोटावर घेतलेल्या थेंबावरून त्याचं उरलेलं आयुष्य कळत नाही.

ते कळतं प्रयोगशाळेत. गाड्यांचा ताफा असलेले मालक ऑईल बदलताना छोट्या बाटलीत नमुना घेऊन तपासायला पाठवू शकतात. अहवालात लोह वाढलेलं दिसलं तर लायनर किंवा इतर लोखंडी भाग झिजत असल्याची शंका घ्यायची. सिलिकॉन वाढलं तर बहुधा धूळ शिरते आहे, म्हणजे एअर फिल्टरची नळी आणि क्लिपा तपासायच्या. डिझेल मिसळलेलं आढळलं तर इंजेक्टर बघायचे. मुदत ५ हजार किलोमीटरने वाढवायची की नाही, हेही सलग दोन-तीन अहवाल समोर ठेवून, कंपनीने घातलेल्या मर्यादेच्या आत ठरवता येतं.