मुळाला गाठ, सरकीला जनुक

परळी तालुक्यातल्या सिरसाळ्याच्या काळ्या रानात पाऊस झाला की बीटी सरकी टोबली जाते. तिच्यात अळी मारणारं 'क्राय१एसी' जनुक आहे, हे शेतकरी जाणतो. ते कापसात शिरलं कसं, हे त्याला कुणी सांगत नाही. ती हकिगत एका रोगाची आहे आणि ज्याच्या रानात ती उगवते, त्याला ती कळायलाच हवी.

अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा मातीतला जिवाणू. द्राक्ष, गुलाब अशा झाडांच्या मुळांवर, बुंध्यापाशी तो गाठी आणतो. १९०७ मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि टाउनसेंड यांनी हे सिद्ध केलं. कोळप्याने मूळ तुटलं किंवा हुमणीने कुरतडलं की जखमेतून रस पाझरतो. त्यातली काही द्रव्यं झाड स्वतःच्या बचावासाठी करतं, पण जिवाणूला नेमका त्यांचाच सुगावा लागतो. 'विर-ए' जनुकाचं प्रथिन ती ओळखतं, 'विर-जी'ला इशारा देतं आणि बाकीची विर जनुकं कामाला लागतात. 'विर-डी२' जिवाणूच्या डीएनएचा एक तुकडा कापतं आणि त्यालाच चिकटून राहतं. 'विर-बी'ची अकरा प्रथिनं नळी उभारतात. तुकडा तिच्यातून झाडाच्या पेशीत जातो आणि थेट गुणसूत्रात बसतो. मग पेशी वाढीची संप्रेरकं बेसुमार बनवते, गाठ फुगते. शिवाय ती ओपाइन नावाचं द्रव्य करते, जे जिवाणूच खातो. रान झाडाचं, राबणं झाडाचं, खळं मात्र जिवाणूचं!

झाडाच्या पेशीत हा तुकडा खरोखर सापडतो, हे १९७७ मध्ये मेरी-डेल चिल्टन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. पुढे शास्त्रज्ञांनी त्यातली गाठीची जनुकं काढली आणि तिथे हवं ते जनुक ठेवलं. मोन्सॅन्टो कंपनीने याच वाटेने 'क्राय१एसी' अमेरिकेच्या कोकर-३१२ कापसात घातलं. त्याच्याशी संकर करून जालन्यात रुजलेल्या महिको कंपनीने वाण केले. त्यांतल्या तीन वाणांना मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली.

तेव्हा सरकीत रोगाचा जिवाणू नाही, गाठीची जनुकंही नाहीत. पण अळी मारणारं जनुक असूनही २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रभर बोंडं पोखरली, तेव्हा बियाणं बोगस म्हणून अनेकांनी कपाळ बडवलं. बोगस बियाणं विकलं जातं, हे खरंच. पण अस्सल सरकीतही अळी जगली, कारण ती बीटीच्या विषाला दाद देईनाशी झाली होती. सरकीत नंतर घातलेल्या दुसऱ्या जनुकाच्या विषालाही. बीटीसोबत साधी सरकी लावतात ती याचसाठी: तिच्यावर वाढलेल्या, बीटीने मरणाऱ्या अळ्यांचे पतंग न मरणाऱ्यांशी जुळावेत आणि बीटीने मरणारी पिढी शिवारात टिकून राहावी.