मोरीचा आहार

पिंगुळी गांव समुद्रापासून कांहीं कोस आंत असलें, तरी कुडाळच्या बाजारांत मोरी आली कीं तिची वार्ता येथें पोहोंचतेच. हिलाच कोणी मुशी म्हणतात. बाळंतिणीस दूध यावें म्हणून मोरीचें कालवण देण्याची चाल किनाऱ्यावर जुनी आहे. तेव्हां जी आपण खातों ती स्वतः काय खाते, हें जाणणें उचितच होय.

आपल्याकडे पुष्कळ मिळते ती मोरी लहान जातीची; पूर्ण वाढली तरी अडीच फुटांच्या आंतच. तिचें मुस्कट फावड्यासारखें चपटें असतें. पोट चिरल्यास त्यांत लहान मासे, जवळा, कोळंबी व माकूल आढळतात; म्हणजे गाबीत बांधव ज्यासाठीं जाळें टाकतात, तेंच तिचें अन्न! मोरीच्या मुस्कटावर सूक्ष्म छिद्रें असतात. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या स्नायूंतून अत्यंत क्षीण वीज वाहते. ती या छिद्रांच्या योगें तिला जाणवते, व वाळूंत दडलेला मासाही तिच्यापासून सुटत नाहीं.

मोठ्या जातींची गोष्ट निराळी. जाळ्यांत अडकलेले मासे तडफडूं लागले कीं त्या तेथें धांवतात, मासे खातात आणि जाळेंही फाडतात. गरीब मच्छीमाराचें हें नुकसान खरेंच. तथापि एवढ्यावरून मोरीस चोर ठरविणें आम्हांस पटत नाहीं. भक्ष्य एके ठिकाणीं गोळा झालें म्हणजे शिकारी तेथें यावयाचाच.

खरी चिंता दुसरी आहे. बांगडा, तारली हे मासे हजारों अंडीं घालतात. मोरी मात्र जिवंत पिलें प्रसवते, आणि त्या लहान जातींतही एका वेळीं फार तर वीसएक. हातोड्यासारख्या डोक्याच्या मोरीस तर वयांत येण्यास कित्येक वर्षें लागतात. अशीं पिलें वाढण्यापूर्वींच बारीक जाळ्यांत सांपडूं लागलीं, तर तूट कशी भरून निघावी?

सरकारनें 2015 सालीं मोरीच्या परांची निर्यात बंद केली. मोरी खाण्यास सरसकट मनाई नाहीं; परंतु व्हेल शार्क या सर्वांत प्रचंड जातीस 2001 पासून कायद्याचें संरक्षण आहे. इतका अजस्र देह, पण आहार पाण्यांत तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा! असा संरक्षित प्राणी जाळ्यांत सांपडल्यास जाळें कापून त्यास सोडून देणाऱ्या मच्छीमारास महाराष्ट्र सरकार 2018 च्या योजनेप्रमाणें 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देऊं लागलें. मात्र सुटकेचें छायाचित्र पुराव्यादाखल द्यावें लागतें.