एक्सप्लेनर : चपलांसाठी बेडरूमचा वॉर्डरोब पॅसेजमध्ये? आधी टेप काढा

सोसायटीची नोटीस बहुतेक वेळा फायर ऑडिटच्या तोंडावर येते. दाराबाहेरचे शू-रॅक, कुंड्या, सायकली आठवडाभरात हलवा, नाहीतर सोसायटी उचलेल. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' खाली येणाऱ्या इमारतींना आगविरोधी यंत्रणा सुस्थितीत असल्याचे 'बी' नमुन्यातील प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. त्यामुळे हा तगादा वर्षातून दोनदा लागतो. रॅक घरात येतो आणि चौघांच्या घरातले पंधरा-वीस जोड दाराशी पसरतात.

मग लक्ष जाते बेडरूममधल्या जुन्या मॉड्युलर वॉर्डरोबकडे. हँगरचा रॉड काढायचा, फळ्या वाढवायच्या आणि कपाट दारामागच्या पॅसेजमध्ये उभे करायचे. कल्पना चांगली आहे, खर्चही कमी. फक्त बाहेरची अडचण उचलून आत आणली जाऊ नये. घराबाहेर पडायची वाट म्हणजे आधी हा पॅसेज आणि मग ती लॉबी.

खोलीचा हिशेब

इथे खोली म्हणजे रूम नव्हे, कपाट भिंतीपासून पुढे किती येते ते माप. हँगरवर शर्ट आडवा मावावा म्हणून वॉर्डरोब साधारण ५८ ते ६० सेंटिमीटर खोल असतो. बुटाला एवढी जागा लागत नाही. ९ नंबरचा बूट बाहेरून सुमारे ३० सेंटिमीटर भरतो, त्यामुळे ३५ सेंटिमीटरचे कपाट पुरते. ११ नंबरवाल्यांना मात्र बूट तिरका ठेवावा लागेल. आयकियाच्या 'पॅक्स' मालिकेत सांगाडे ३५ आणि ५८ अशा दोन्ही मापांत असतात, ते याच कारणाने.

आता पॅसेज मोजा. तो ४ फूट म्हणजे सुमारे १२२ सेंटिमीटर असेल, तर ५८ चे कपाट ठेवल्यावर ६४ उरतात. साधी व्हीलचेअर ६५ ते ७० सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे ती अडकली. ३५ चे ठेवले तर ८७ उरतात आणि ती निघते. पॅसेज ३ फुटांचाच असेल तर ३५ चे कपाटही नको, कारण उरतात जेमतेम ५६. तिथे भिंतीला टेकणारा, पुढे कलणाऱ्या खणांचा १७ ते २४ सेंटिमीटरचा उथळ शू-कॅबिनेटच बरा.

आणखी एक गोष्ट हमखास विसरते. अनेक फ्लॅटमध्ये एमसीबीचा बॉक्स याच भिंतीवर असतो. रात्री फ्यूज उडाल्यावर बुटांमागे हात घालून स्विच शोधायची वेळ येऊ नये.

कापायचे तर मागून

५८ चे कपाट ३५ चे करता येते. कोणत्या बाजूने कापायचे, यावर सगळे अवलंबून आहे. बिजागऱ्यांची आणि फळ्यांच्या पिनांची पुढची भोके पुढच्या कडेपासून ठरलेल्या अंतरावर पाडलेली असतात. मॉड्युलर फर्निचरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'सिस्टिम ३२' मध्ये हे अंतर ३७ मिलिमीटर असते आणि वर-खाली दोन भोकांमध्ये ३२ मिलिमीटर. पुढून कापले की शटर लावायची सोयच जाते. म्हणून २३ सेंटिमीटर मागून काढायचे.

त्याची किंमत अशी : मागच्या पॅनलची खाच नव्याने मारावी लागते, पिनांच्या भोकांची मागची ओळ पुन्हा पाडावी लागते, वरच्या आणि खालच्या फळीचे मागचे मिनिफिक्स जोड नव्याने बसवावे लागतात. ड्रॉवरचे लांब चॅनल निकामी होतात. कापलेली प्रत्येक कड एज बँडने बंद करायची, कारण उघडा पार्टिकल बोर्ड ओल शोषतो आणि पावासारखा फुगतो. सुतार 'मागे कोण बघतंय' म्हणून मागची कड सोडून देतो. ओल तिथूनच चढते.

भाड्याच्या घरात किंवा कपाट मालकाचे असेल तर करवत लावू नका. पॅसेजमध्ये पुरेसा खोल कोनाडा असेल, तर ५८ चे कपाट तसेच ठेवून सरकत्या ट्रे बसवता येतात. साध्या फळीवर दोन रांगा लावल्या की मागची रांग पुढच्या दिवाळीलाच दिसते.

फळ्या किती?

दोन मीटर उंच कपाटात पाया आणि वरची फळी वगळून सुमारे १८८ सेंटिमीटर मिळतात. फळ्यांचे अंतर ३२ मिलिमीटरच्या पटीत ठेवले तर नवी भोके लागत नाहीत. चपला-सँडलसाठी १६० मिलिमीटर (पाच घरे), बुटांसाठी १९२ (सहा घरे). असे चार आणि पाच कप्पे केले की १६० सेंटिमीटर होतात आणि तळाशी २८ उरतात. ७५ सेंटिमीटर रुंद कपाटात एका फळीवर तीन जोड मावतात, म्हणजे एकूण २७. रोजचे जोड आणि आजी-आजोबांच्या चपला गुडघ्यापासून कमरेपर्यंतच्या फळ्यांवर ठेवा, वाकायला नको. वरच्या दोन फळ्यांवर लग्नकार्याचे जोड.

तळाचे २८ सेंटिमीटर बंद करू नका. तिथे स्टीलचा किंवा प्लास्टिकचा ट्रे ठेवा आणि शटर त्याच्या वरपर्यंतच घ्या. जुलैत कोकण किनाऱ्यावर हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ओला बूट बंद कपाटात ठेवला की चार दिवसांत बुरशी आणि आठवड्यात शेजारच्या चामडी बुटांवर पांढरी पावडर. ओले जोड या उघड्या ट्रेमध्येच वाळवायचे, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून. (ई-पेपर वाचणाऱ्यांना रद्दी शेजारून आणावी लागेल.) मागच्या पॅनलला खाली आणि वर दोन-दोन इंची भोके पाडून जाळी लावली तर हवा खेळते.

सगळ्यात धोक्याचा भाग

उथळ केलेले कपाट लवकर कलंडते. हिशेब सोपा आहे. दोन मीटर उंच कपाटात वजन सारखे पसरले असेल, तर ५८ खोलीचे कपाट पुढे सुमारे १६ अंश कलल्यावर पडते, ३५ चे सुमारे १० अंशांनाच. दोन्ही शटर उघडली की वजन पुढे येते आणि हा आकडा आणखी घटतो. त्यात एखादे पोर खालच्या फळीवर पाय देऊन चढले तर?

जून २०१६ मध्ये आयकियाने अमेरिकेत सुमारे २ कोटी ९० लाख ड्रॉवरची कपाटे परत मागवली. भिंतीला न बांधल्यास ती कलंडत होती आणि त्यांखाली सापडून लहान मुलांचे मृत्यू झाले होते. तुलनेने बुटांचे कपाट हलके, असे वाटेल. पण दोन मीटरचा बोर्डाचा सांगाडा आणि शटर मिळून वजन चांगलेच होते.

म्हणून वरच्या बाजूला दोन ठिकाणी एल-अँगल भिंतीत पक्के करणे टाळू नका. इथे भिंत कसली आहे ते महत्त्वाचे. जुन्या विटांच्या भिंतीत साधा प्लग चालतो. नव्या टॉवरमधल्या पांढऱ्या, हलक्या एएसी ब्लॉकमध्ये तो फिरतो आणि ओढला की भुशासकट बाहेर येतो. त्यासाठी खास एएसीचे अँकर मिळतात. मायवान पद्धतीच्या काँक्रीट भिंतीला हॅमर ड्रिल लागते आणि आत वायरिंगचे पाइप असतात. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नये. स्कर्टिंगमुळे कपाट भिंतीला चिकटत नाही, तेव्हा अँगलमागे तेवढ्या जाडीची पट्टी घाला. फट लाकडी तुकड्याने बुजवून वेळ मारून नेऊ नका.

सुताराला बोलावण्याआधी एक फुकटची चाचणी आहे. पॅसेजच्या जमिनीवर भिंतीपासून ३५ सेंटिमीटरवर मास्किंग टेपची रेघ मारा, रेघेवर खुर्च्या मांडा आणि दोन दिवस तसेच वावरा. दूध घेताना, गॅस सिलिंडर आत येताना, आजोबा काठी टेकत बाहेर पडताना कुठे अडते ते दिसेल. घरातला फ्रिजही एकदा मोजून ठेवा. घर बदलताना तोही याच वाटेने जायचा आहे.